पिळात घातलेलं बोट

ओल्या अंबाडीचा वास आला की मले गुरांच्या लम्पी रोगाचं साल आठवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी हिवरखेडच्या गोठ्यात अंबाडीचा दोर वळत बसलो होतो. जोडीतल्या एका बैलाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती. अकोल्याच्या कॉलेजात विषाणूंचं शिकणारी नात म्हणाली, "आबाजी, दुसऱ्याले दूर बांधा." मी म्हटलं, "काहून? खांद शेकायच्या दिवशी जोडी तोडू?" तिनं माझ्या हातातला दोर घेतला, उलटा फिरवून दोन पदर सुटे केले. "विषाणूचं एक प्रथिन त्याच्या डीएनएचा पीळ असा उकलते. दुसरं असं मधात बसते, पदर परत गुंडाळू देत नाही." तिनं फटीत बोट घातलं. "मग एकेका पदरावर नवा पदर चढते. एकाचे दोन दोर, दोनाचे चार. बैलाच्या अंगात आत्ता हेच चालू हाय." मी हसलो, "तू मले दोर शिकवतं का वं पोरी?" संध्याकाळी खांद शेकायला दोघांना शेजारी उभं केलं आणि हळद-तुपात भिजवलेला कापडाचा एकच बोळा आधी आजाऱ्याच्या, मग धडधाकटाच्या खांद्यावर फिरवला. माशा दोघांवरही बसत होत्या. पंधरा दिवसांनी त्या दुसऱ्याच्या मानेवर हाताखाली सुपारीएवढी गाठ लागली. नात दारातच उभी होती. मी गाठीवर तळहात ठेवून म्हटलं, "काही नाही, गोचीड हाय." ती माझ्या हाताकडे पाहत राहिली. दोन्ही बैल गेले. माशांनी रोग आणला, असंच मी अजून गावाला सांगतो. त्या बोळ्याचं आज पहिल्यांदा लिहून राहिलो.