माटवीतलं जांभळं फूल

गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटवी टांगतो. लाकडी चौकट, तिला नारळ, काकडी, रानातली फळं-फुलं बांधायची. गाव सुटलं, गिरणी गेली, परळच्या चाळीच्या जागी टॉवर आला, तरी माटवी राहिली. तिच्या एका कोपऱ्याला आमच्या घरच्या रितीनं पाणथळीतलं जांभळं फूल लागतं. ते आई आणायची. कुठून, हे कुणी विचारलं नाही. यंदा होळीनंतर आई गेली.

"त्या फुलाशिवाय माटवी चढवूची नाय," बाबांनी बजावलं. नाव विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आवशीक म्हायत." गेलेल्या माणसाच्या गळ्यात काम घालून हे मोकळे!

दादरच्या फुलबाजारात सगळ्यांनी हात वर केले. मग मोबाईलमधले जुने फोटो काढले. गणपती लख्ख, आरतीला उभे आम्ही लख्ख, आणि फूल म्हणजे कोपऱ्यातला सुकलेला जांभळा डाग. आई एकाही फोटोत नव्हती. ती आत मोदक वळत असायची.

ती वडाळ्याला मिठागरांच्या अलीकडे, पावसाचं पाणी साचतं तिथे जायची, एवढं शेजारच्या काकूंना ठाऊक होतं. मी गेले. चिखलात चप्पल रुतली. डबक्यात जांभळं दिसलं म्हणून हरखले, तर ती जलपर्णी, परदेशातून येऊन सगळं पाणी गिळून बसलेली. काठाला मात्र वेगळंच एक झुडूप उभं होतं. सरळ दांडा, पेरापेरावर निळसर-जांभळ्या फुलांचे झुबके. फोटोतल्या डागाला दोन्ही चालली असती.

झुडपाला हात घातला आणि कळवळले. फुलांभोवती लांब काटेच काटे. मनगटावर ओरखडे उठले, आणि ते माझ्या ओळखीचे निघाले. दर चतुर्थीला आईच्या हातांवर असेच असायचे. "विळी लागली," म्हणायची. त्या चिखलात उभी राहून मी रडले. त्याला कोळशिंदा म्हणतात, हे मागाहून कळलं.

घरी येऊन बाबांपुढे फांदी धरली. त्यांनी फुलाकडे पाहिलंच नाही. माझी मनगटं बघत राहिले.

"तुझ्या आवशीक मी कधी इचारूक नाय," ते म्हणाले. "हाताक हळद लाव गे."

हळद आणायला ते स्वतःच उठले. स्वयंपाकघरात बराच वेळ डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. हळद कुठल्या डब्यात असते, ते त्यांना माहीत नव्हतं.