टाकीखालची लग्नपत्रिका

जुनी विलायती मोटारसायकल सांभाळणारे लोक दर रविवारी एका बाकड्यावर बसू लागले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. टाकीखालच्या थेंबांसारखे ते आपोआप साचतात. (ही उपमा बरी आहे की नाही, याबद्दल मी साशंक आहे. पण दुसरी सुचली नाही.)

आमचं बाकडं भंडाऱ्यात, लहानू मिस्त्रींच्या गॅरेजसमोर. त्यावर करडी गावचे, धान पिकवणारे देवाजी, अड्याळचे कापडवाले हेमराजजी आणि मी, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. तिघांकडेही इंग्लंडहून आलेली एकेक म्हातारी गाडी, आणि तिघांचं दुखणं एकच. कॉक! म्हणजे टाकीखालची बोटभर पितळी तोटी. दांडी ओढली की पेट्रोल सुरू, आत दाबली की बंद. आत बुचाचा छोटा तुकडा असतो. तो सुकला की थेंब सुरू!

माझी गाडी वडिलांची. ती मी ओसरीत आणून ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सौभाग्यवती कमलबाई म्हणाल्या, "तुमची गाडी इथं टपकून राहिली, अन् मी बाजूच्या खोलीत उदबत्ती लावून राहिली. एखाद्या दिवशी दोघंही संगंच वर जाऊ!"

मग तिनं एक जाड लग्नपत्रिका उलटी करून टाकीखाली ठेवली. "पोळ्यापर्यंत टाइम देते. पोळ्याच्या सकाळी या पत्रिकेवर डाग दिसला, त गाडी गेली!"

पुण्यात असलेल्या आमच्या मुलानं नागपूरचं गिऱ्हाईक आधीच पाहून ठेवलं होतं. मी ठरवलं, कॉक मी स्वतःच्या हातानं नीट करणार. पस्तीस वर्षं खडू सोडून या हातांनी काही धरलं नव्हतं, पण ठरवलं!

* * *

पहिला उपाय लहानूनं सांगितला. "सर, बूच काढा, गरम पाण्यात उकळा. फुगते अन् गच्च बसते."

मी वही काढली. "किती अंशावर? किती मिनिटं?"

"सर, बूच आहे ते, अंडं नाही!"

तरीही मी थर्मामीटर लावून वीस मिनिटं उकळलं. कमी पडलं असेल असं वाटून आणखी वीस मिनिटं. बूच असं फुगलं की भोकात जाईना. मी जोर लावला. दांडी वाकली, बूच तुटलं आणि अर्धं आतच अडकलं.

लहानूनं ते पोह्याच्या काट्यानं बाहेर ओढलं, उजेडात धरलं आणि हेमराजजींना म्हणाला, "पाहा, डॉक्टरेटवाल्याचं ऑपरेशन!"

* * *

देवाजींचा कॉक मागच्या वर्षी ऐन रोवणीच्या दिवसांत फुटला. करडीहून भंडाऱ्याला यायला सवड नाही. त्यांनी काय करावं? फवारणी पंपाची तोटी काढली, चुडीला, म्हणजे आट्यांना, सुतळी गुंडाळली आणि टाकीला बसवली. गाडी झकास चालली!

पुढं धानावर तुडतुडे आले. देवाजींच्या मंडळी शेताच्या धुऱ्यावर पंप घेऊन उभ्या. "माह्या पंपाची तोटी कुठं आहे जी?"

झालं! पूर्ण हंगामभर ती एकच तोटी गाडीवरून पंपावर आणि पंपावरून गाडीवर. फवारणीच्या दिवशी देवाजी पायी!

पण त्यांचं धान सगळ्यांत सरस निघालं. शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, "देवाजी, कोणती दवा मारली होती गा?"

देवाजी छाती काढून म्हणाले, "विलायती!"

* * *

हेमराजजींना असले जुगाड चालत नाहीत. "ओरिजिनलच पाहिजे!" त्यांनी थेट इंग्लंडहून नवा कॉक मागवला. दोन महिने ते रोज पोस्टमनला चहा पाजत होते. शेवटी डबी आली. ती त्यांनी दुकानात उघडली नाही. बाकड्यावर आणून, सगळ्यांसमोर, हात धुऊन उघडली.

काय चकाकत होता! लहानूनं चुडी लावून पाहिली, बरोबर बसली. मग त्यानं कॉक चष्म्याजवळ नेला, उलटा केला आणि बारीक अक्षरं वाचली. मेड इन इंडिया!

हेमराजजींचा चेहरा पाहवेना. लहानूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काहून नाराज होता सेठ? नवरी आपल्याच गावची निघाली. वरात तेवढी लंडनहून आली!"

* * *

दुसरं बूच मी बसवलं आणि परीक्षा म्हणून गोसीखुर्द धरणाकडे निघालो. एकटाच. रस्ताभर मी दर पाच किलोमीटरला थांबून टाकीखाली बोट लावून पाहत होतो. सहा वेळा बोट कोरडं. सातव्या वेळी ओलं!

धरणापायी नव्यानं वसवलेल्या एका गावाशी मी थांबलो. गळतीवर साबण घासतात एवढं ऐकून होतो. एका अंगणात एक बाई कपडे धूत होती. मी साबण मागितला.

"गाडीले आंघोळ घालता काय आजोबा?"

मी साबण घासला. थेंब थांबला! मला राहवलं नाही. साबण म्हणजे स्निग्धाम्लांचा क्षार, तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही, असं मी तिला सांगू लागलो. हा मुद्दा नीट मांडला जातोय का, या शंकेनं मी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

तिनं मध्येच विचारलं, "गळणं थांबलं काय?"

"थांबलं."

"मंग द्या माहा साबण!"

* * *

पोळा आठवड्यावर आला. लहानू म्हणाला, "सर, आता जुना सोडा. नवा घडवून घ्या. पितळेच्या गावात राहता अन् रडता कायले?"

आमच्याकडे पितळी भांडी घडवणारे नारायणराव नावाचे म्हातारे कारागीर आहेत. मी त्यांच्यासाठी तीन बाजूंनी नकाशा काढला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापं लिहिली. त्यांनी तो कागद घडी करून बुडाखाली घेतला.

"पेट्रोल कोण्या बाजूनं येते अन् कोण्या बाजूनं जाते, तेवढं सांगा."

चार दिवसांत कॉक तयार. देखणा! पण त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं: 'सौ. कमल'.

"नारायणराव, गाडी माझ्या वडिलांची आहे!"

"असन जी. पण पितळेवर घरच्या बाईचंच नाव टाकाची आमची रीत आहे."

मी भीत भीत घरी नेला. कमलनं चष्मा लावला, खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

"अक्षर बरं आहे," एवढंच म्हणाली.

तो मी स्वतः बसवला. दोन दिवस पत्रिका कोरी! पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र मला वाटलं, सैल तर नसेल? पाना घेतला आणि पाव फेरा आणखी दिला. बारीक कट्ट असा आवाज आला. सकाळी पत्रिकेवर रुपयाएवढा डाग. वायसर चिरडला होता, माझ्याच हातानं.

नवा वायसर मी त्याच दुपारी बसवला. गळणं पार थांबलं. पण अट ती अट! मुलाला फोन मीच केला.

* * *

नागपूरचं गिऱ्हाईक रविवारी आलं. तिशीतला सभ्य मुलगा, लग्नाआधीच्या फोटोंसाठी गाड्या भाड्यानं देणारा. "सर, मला चालू कंडिशनमध्ये पाहिजे. बंद गाडी आम्ही घेत नाही."

मी गाडी सुरू करून दाखवली. त्यासाठी मी कॉक उघडला होता. नक्की उघडला होता. म्हणजे, उघडला असावा. त्यानं पाणी मागितलं, म्हणून नुसतं इंजिन बंद करून आम्ही आत आलो. वडील याच गाडीवर मला कॉलेजात सोडत, हे मी त्याला दोनदा सांगितलं. कमल बाहेर होती, तुळशीला पाणी घालत.

मग तो एकटाच चक्कर मारायला निघाला. ऐटीत गेला. वळणापलीकडं इंजिनाचा आवाज खोकला आणि थांबला.

वीस मिनिटांनी तो परत आला. गाडी ढकलत, घामानं निथळत.

"सॉरी सर. इंजिन बसलंय. दीड-दोनशे किका मारल्या! मला नको."

मी वाकून पाहिलं. कॉकची दांडी आत दाबलेली, बंद. तसं असलं तर खालच्या कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी तेवढीच चालते, वळणापर्यंत. आजकालच्या मुलांना हे कुठून माहीत असणार! सांगणं माझं कर्तव्य होतं. मी तोंड उघडलं.

"तुम्ही बसा जी चुपचाप," कमल चहाचा ट्रे घेऊन आली. "त्यायले आधी चहा घेऊ द्या. किती थकले बिचारे!"

मुलानं कप उचलला, ओठांशी नेला आणि थांबला. कपाचा कान हुंगला.

"काकू, कपाला पेट्रोलचा वास येतोय का?"

"येते," कमल म्हणाली. "सवय होऊन जाते."