हजेरीपटावरची लाल टिंबं

लातूरच्या आमच्या कॉलेजातले हेडक्लार्क वीरण्णा म्हणजे कामाला वाघ. कपाळाला विभूती लावून बरोबर दहाला खुर्चीत. सरकार दरवर्षी मागासवर्गीय मुलांची यादी मागवायचं आणि ऑफिसात पळापळ व्हायची. म्हणून या गृहस्थांनी वर्गाच्या हजेरीपटावरच त्या मुलांच्या नावापुढे लाल टिंब द्यायला सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

मी रसायनशास्त्र शिकवायचो. प्रयोगशाळेतली टेबलं मी त्याच हजेरीपटावरून वाटायचो. लाल टिंबवाले सगळे एका टेबलावर. असं करायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी एवढा शिकलेला बैल, मला ते सोयीचं वाटलं.

रेणापूरची पुनम त्या टेबलावर होती. अख्ख्या वर्गात हुशार. एक दिवस ती वीरण्णांच्या खिडकीशी आली, तेव्हा मी तिथेच उभा होतो.

"सर, माझ्या नावापुढचं टिंब खोडा. शिष्यवृत्ती बी नगं मला. मी धुतलेली टेस्टट्यूब बाकीच्या टेबलावरच्या पोरी परत धुवून घ्यायल्यात."

वीरण्णांनी मान वर केली नाही. "माझ्या हातात काय हाय बाई? वरून हुकूम हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात तिचे वडील येऊन तिचा दाखला घेऊन गेले.

आता आम्ही दोघेही निवृत्त. परवा वीरण्णा माझ्या घरी आले. समोरचा चहा बाजूला सारला. मग म्हणाले, "सर, वरून नुसती यादी मागितली होती. टिंबाचा हुकूम नव्हताच. त्या लेकराशी मी खोटं बोललो."

"मला तेव्हाच ठाऊक होतं," मी म्हणालो. म्हणताना मान वर होईना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

निदान आता तरी ही पद्धत बंद करायला सांगू, म्हणून आम्ही दोघे कॉलेजात गेलो. वीरण्णांच्या हाताखाली तयार झालेला शिवमूर्ती आता त्यांच्या खुर्चीत बसतो. तो उठून त्यांच्या पाया पडला आणि कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. यादीतली कितीतरी नावं लाल रंगात होती.

"बघा अण्णा, तुमचीच पद्धत! एका बटनात यादी सगळ्या सरांकडं जाते."

"शिवमूर्ती, काढून टाक ते लाल," वीरण्णा कसेबसे म्हणाले.

तो गोंधळून हसला. "कसं काढू अण्णा? वरून हुकूम हाय. तुमीच तर सांगितलं होतं."