उसाकडच्या मैदानावरची जोडी

“जोडी!” असं आमचा फुटबॉलचा सर ओरडला की पोरं मैदानात जिथं असतील तिथं थांबायची आणि आपापल्या जोडीदाराचा हात धरून वर करायची. सगळे हात दिसले की मगच त्याचा जीव भांड्यात पडायचा. जुन्नर तालुक्यात ज्यांनी हिवाळ्यातली संध्याकाळ काढली आहे, त्यांना याचं कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या पिंपरी पेंढारला उसात बिबट्या असतो, आणि आम्ही त्याला सरळ वाघच म्हणतो.

हा गडी विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. तरुणपणी पुण्यात एका कारखान्याकडून फुटबॉल खेळला होता. तेवढ्या भांडवलावर शाळेमागच्या गायरानात रोज पोरं गोळा करायचा. गायरानाला लागून माझा ऊस. बॉल माझ्या उसात आणि शिव्या माझ्या तोंडात, असा आमचा शेजार होता. “उसात गेलेला बॉल सकाळचा,” हा त्याचा नियम. म्हणजे सकाळी पाणी धरायला गेलो की तो मी शोधायचा आणि याच्या दुकानात नेऊन आपटायचा.

“ह्यातनं तुला मिळतं तरी काय?” मी एकदा वैतागून विचारलं.

जळालेल्या मोटारीची तार उलगडत तो म्हणाला, “सांजच्याला सगळं हात वर व्हत्यात की, राव.”

“आणि गोल?”

“झाला तर झाला.”

बहुतेकदा होत नसे. पण बाहेरगावी सामना हरून परतणारी ती पोरं टेम्पोत अशी गात यायची की वाटावं, लग्नाचं वऱ्हाड आलं.

त्या हिवाळ्यात कांदा लावायला डोंगरातल्या घाटघरचं एक कुटुंब माझ्याकडं आलं. त्यांची साक्षी पहिल्याच दिवशी गोलात जाऊन उभी राहिली आणि तिथून हलायला तयार होईना. तिच्यामुळं पोरांची संख्या विषम झाली, म्हणून तिचा जोडीदार हा स्वतःच झाला. “गोलकीपरनं पाठ दावायची न्हाई, समोर कायबी येऊ दे,” असं तिला रोज बजावायचा.

मग ती संध्याकाळ आली. दिवस कलला होता, मी बांधावर होतो. बॉल उसात गेला. यानं शिट्टी मारली. “जोडी!” हात वर झाले. तो एकेक जोडी नजरेनं तपासत गेला. सगळ्या होत्या. हसत हसत त्यानं आपला हात बाजूला केला, तर तो धरायला कुणीच नव्हतं.

दुसऱ्यांच्या जोड्या बघताना तो स्वतःची विसरला होता. आणि उसाचा नियम आमच्या पोरांना पाळण्यातच कळतो. डोंगरातून आलेल्या पोरीला तो सांगायला हवा, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

पलीकडच्या वाफ्यात तिची आई वाकून कांदा लावत होती. तिला हाक मारावी की नाही, तेही कळेना.

“भाऊ, ट्रॅक्टर चालू कर, हॉर्न सोडू नको,” तो म्हणाला. पोरांना त्यानं शाळेच्या ओट्यावर चढवलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि शिट्टी दातांत धरून उसात शिरला.

पाचट वाजत होतं. शिट्टी लांब लांब जात होती आणि एकाएकी थांबली. माझा हात हॉर्नवरून आपोआप निघाला. पोरांच्या टाळ्याही बंद पडल्या.

मग आतून आवाज आला, घोगरा, हळू. “जोडी.”

उसातून दोघं बाहेर आली ती उलट्या पावलांनी. तोंडं उसाकडं, पाठी आमच्याकडं, एकेक पाऊल मागं टाकत. तिच्या बगलेत बॉल होता. दुसरा हात त्याच्या हातात, आणि ते दोन्ही हात वर.

बांधावर आल्यावर ती म्हणाली, “त्यो माझ्याकडंच बघत व्हता. पण मी पाठ न्हाई दावली, सर.”

तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. तिची आई धावत आली. तिनं आधी पोरीच्या पाठीत रट्टा घातला, मग तिला पोटाशी धरलं.

मला वाटलं, झालं, उद्यापासून मैदान ओस पडणार. पण सगळी पोरं आली. आयाही आल्या आणि बांधावर ओळीनं बसल्या. त्यांच्याकडं बघत तो मला म्हणाला, “आता ह्यांच्याबी जोड्या लावाव्या लागत्याल.”

गेल्या दिवाळीनंतर छातीत दुखतंय म्हणून त्याला नारायणगावला नेलं. परत आणला तो चादरीत. मला अजून सकाळी पाणी धरताना सरीत बॉल शोधायची सवय आहे.

साक्षीचं कुटुंब आता आमच्याकडंच राहतं. परवा संध्याकाळी मैदानातून शिट्टी ऐकू आली म्हणून मी बांधावर गेलो. शिट्टी तिच्या गळ्यात होती. “जोडी!” ती ओरडली. भराभर हात वर झाले. पोरं अजून विषमच आहेत, ती एकटी उरली होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ माझ्याकडं चालत आली.

“चला, मामा,” म्हणत तिनं माझा चिखलानं भरलेला हात धरला आणि वर केला.

हात खाली कधी घ्यायचा असतो, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. म्हणून तसाच धरून उभा राहिलो.