तिला कुणी काही विचारू नका

आटपाडीच्या आमच्या शाळेत क्रांतीमॅडम इंग्रजी शिकवतात. माहेर इस्लामपूरकडचं, वडील फौजेत सुभेदार होते. त्यामुळे चाल ताठ आणि आवाज खणखणीत. डोक्यात मात्र कायमचा गोंधळ. चहात साखर किती, एवढं विचारलं तरी बाई विचारात पडतात. मी गणिताचा मास्तर, मला असली माणसं सोसत नाहीत. तरी मधल्या सुट्टीत डबा मी त्यांच्याच टेबलावर उघडतो, याला काय म्हणावं ते माझं मलाच कळत नाही.

मॅडमच्या लहानपणी त्यांचे इंग्रजीचे सर उत्तर येईपर्यंत बाकावर उभं करायचे. एकदा उत्तर ठाऊक असूनही त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि सगळा तास उभं राहावं लागलं. खाली मुली खुदुखुदू हसत होत्या. नोकरी लागली तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं, आपल्या वर्गात कुणालाही बोलायला भाग पाडायचं नाही. त्यांनी पक्कं केलेली बहुधा ही एकच गोष्ट असावी.

यंदा शाळा सुरू व्हायच्या आधी मॅडम सांगलीला प्रशिक्षणाला गेल्या आणि उरलासुरला शहाणपणाही तिथंच ठेवून आल्या. सकाळच्या तज्ज्ञांनी सांगितलं, नवी भाषा शिकणारं मूल आधी बरेच दिवस नुसतं ऐकतं. त्याला ढकलू नका, वाट बघा. जेवणानंतरचे तज्ज्ञ म्हणाले, मुलं एकमेकांशी बोलली तरच भाषा येते. गप्प बसू देऊ नका. सकाळी वर्गात मराठीला बंदी होती, दुपारी मातृभाषेचा आधार घ्यायचा होता. मॅडमनी उभं राहून विचारलं, “नेमकं कुणाचं ऐकायचं?” उत्तर आलं, “परिस्थिती बघून ठरवा.”

ती परिस्थिती जूनमध्येच सातवीच्या वर्गात येऊन बसली. तिचं नाव सृष्टी.

आमच्या भागातली पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायची दुकानं घेऊन माणसं पार मुलखाच्या टोकापर्यंत गेलीत. सृष्टीच्या वडिलांचं दुकान कोइमतूरला. ती तिथंच जन्मली, तिथल्याच शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकली. आजी इथं आजारी पडली म्हणून आई लेकीला घेऊन परत आली.

आता हिची मातृभाषा कुठली? घरात मराठी, गल्लीत तमिळ. आधार द्यायचा तर कशाचा? मॅडमनी मला विचारलं. मी म्हणालो, “मला अपूर्णांक विचारा.”

शेवटी त्यांनी सकाळच्या तज्ज्ञांचं ऐकलं. पहिल्याच दिवशी सृष्टीला खिडकीजवळ बसवलं आणि वर्गाला ताकीद दिली, “ही नवीन आहे. तिला कुणी काही विचारू नका. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल.” बोलताना त्यांचा आवाज किती मऊ झाला होता! मी दारातून ऐकलं होतं.

आमची पोरं मास्तरांचं एरवी ऐकत नाहीत, पण हे मात्र त्यांनी तंतोतंत पाळलं.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सृष्टी वही लिहायची, फळा बघायची, पण बोलायची नाही. मॅडम रोज आशेनं तिच्याकडे बघायच्या आणि रोज माझ्यासमोर येऊन बसायच्या. “सर, वाट बघू का बोलतं करू? बोलतं करायला गेले आणि ती कायमची मिटली तर?” मी चिडून म्हणालो, “अहो, गणितात वाट बघून उत्तर येत नाही.” त्या म्हणाल्या, “पण उभं करूनही येत नाही ना.”

चाचणीत मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही मास्तरांनीही तिला तोंडी काही विचारलं नाही, त्यामुळे तोंडी परीक्षेत सृष्टीला सगळ्या विषयांत शून्य मिळालं. आमचे मुख्याध्यापक लालासाहेब पाटील, मनानं वाईट नाहीत, पण घाईचा माणूस. त्यांनी ठरवलं, पोरीला सहावीत बसवायचं. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या आईला बोलावून घेतलं. मॅडमना राहवेना, म्हणून त्यांनी मलाही ओढत ऑफिसात नेलं.

आई ऐकून चक्रावलीच. “आवं सर, घरात तोंड मिटत न्हाई हिचं. आजीसंगं भांडती, बापाशी फोनवर तमिळ बोलती. मुकी कशी म्हंता तुमी?”

“मग हितंच का दातखीळ बसती?” लालासाहेब म्हणाले. “इंग्रजीत तरी बोलतीया का बघा, मॅडम.”

मॅडम सृष्टीपुढं खाली बसल्या. चेहरा उतरला होता. विचारावं की नको, हे त्यांना तेव्हाही ठरवता येत नव्हतं. शेवटी इंग्रजीत हळूच विचारलं, ती वर्गात का बोलत नाही?

सृष्टी लगेच बोलली. जणू कधीची कुणी विचारायची वाटच बघत होती. “मिस, आय कॅन टॉक. नोबडी टॉक्स टू मी.” मग मराठीत, मॅडमच्याच मऊ आवाजात म्हणाली, “तिला कुणी काही विचारू नका.” आणि तिचे डोळे भरून आले. “म्या काय केलंतं, मिस?”

तीन महिने पोरगी समजत होती की तिला वाळीत टाकलंय.

“बोलतीया की झकास!” लालासाहेब खूश झाले. “ऱ्हाऊंद्या सातवीतच.” आईनं हात जोडले. मॅडमना मात्र हसावं की रडावं ते कळेना. पोर बोलली होती, आणि बोलली ती हे.

मॅडमनी तिचा हात धरला आणि तडक वर्गात गेल्या. तास माझा होता, पण मी दारातच थांबलो.

“मी चुकले,” त्या मुलांना म्हणाल्या. खणखणीत आवाज पार फाटला होता. “विचारा तिला, काय विचारायचं ते विचारा.”

पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, जणू पुढं काय करायचं ते मला माहीत होतं.

मग सृष्टीच्या शेजारी बसणारी मुलगी उठली. रोज हजेरीत ती ते नाव ऐकत आली होती, तरी तिनं विचारलं, “तुजं नाव काय गं?”

“सृष्टी,” ती म्हणाली. “आनि तुजं?”