मागच्या सीटखालची जाळी

त्या म्हाताऱ्याची आठवण आली की आजही माझं डोकं सणकतं. शहागंजातला कापडवाला असावा; शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये रांगेत माझ्यापुढं होता, तर तिथला पडदाही तो दोन बोटांत चोळून बघत होता. त्याच्या हायब्रिड गाडीची बॅटरी आठ-दहा वर्षं चालायला हवी, ती चौथ्याच वर्षी गेली होती. नवीची किंमत लाखांत. वर मॅनेजर म्हणाला, “काका, मागच्या सीटखालच्या जाळीतून बॅटरीला हवा जाते. तुम्ही ती सीटकव्हरनं झाकलीत. वॉरंटी मिळणार नाही.”

म्हाताऱ्यानं गाडीतलं कव्हर ओरबाडून आणलं, टेबलावर पसरलं आणि रागातही सवयीनं त्याची सुरकुती तळव्यानं सरळ केली. कोपऱ्यात त्याच शोरूमचा शिक्का होता.

“तोंडावर उशी तुम्हीच दाबायची, अन् वर मलाच पुसायचं, कसा मेला?”

मॅनेजरच्या मागं तसल्याच कव्हरांची थप्पी होती, नव्या गिऱ्हाइकांना फुकट द्यायला.