पडद्यामागे कुणीच नव्हतं

गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग आणि मनात देवाबद्दल नुसती अढी, अशी माझी कितीतरी वर्षं गेली. लग्नाला वीस वर्षं होऊनही आम्हाला मूल झालं नाही, तेव्हा मी पूजा सोडून दिली. लिंग गळ्यातून उतरवायचं धाडस नव्हतं, एवढंच. माझी पत्नी मात्र लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याखेरीज अन्नाला शिवत नसे. तिच्या त्या शांतपणाचा मला राग यायचा, हे आज लिहिताना मान खाली जाते.

पन्नाशी उलटल्यावर कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान पुतण्याकडे सोपवलं आणि एक जुनी मॅटाडोर घेतली. शिवाजी पेठेतल्या मिस्त्रीने तिच्यात पलंग, स्टोव्हसाठी ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बसवून दिलं. ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा लावला. "पावणं, आता घरच घिऊन फिरा की!" असं म्हणून तो हसला. नव्वदच्या दशकात अशी गाडी कुणी पाहिलेली नव्हती. जिथे थांबू तिथे माणसं वाकून आत बघायची आणि माझी छाती फुगायची.

संक्रांत झाल्यावर आम्ही गगनबावड्याचा घाट उतरलो. समुद्राकाठचे किल्ले एकेक करून बघायचे, असा माझा बेत होता. तिसऱ्या दिवशी देवगड सोडलं, तेव्हा तिची पूजा राहिली होती. मीच सकाळपासून घाई लावली होती. वाटेत ती दोनदा म्हणाली, "अहो, जरा थांबा की. पूजा करते, मग दोन घास खाऊ. साखर उतरायची गोळी घेऊन बसलेय मी."

"गाडी काय पूजेसाठी काढलीया?" मी खेकसलो. ती पडद्यामागे गेली.

पुढे इंजिन तापलं म्हणून एका लहानशा महादेवाच्या देवळापाशी थांबावं लागलं. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, बॉनेट आपटलं आणि निघालो. मागे पडदा तसाच ओढलेला होता. आतून आवाज येईना, तेव्हा ती रुसली असं समजून मीच बोलत सुटलो. "रुसायचंच होतं तर कोल्हापुरात बसायचं होतंस," म्हणालो. आणि मग, इतकी वर्षं ओठांपाशी अडवलेलं वाक्यही बोलून गेलो. "तुझ्या देवानं आपली ओटी भरली का कधी?"

विजयदुर्गला पोचेपर्यंत तासभर गेला असेल. गाडी उभी करून पडदा सरकवला. पलंगावर नीट घडी केलेली चादर होती. पडद्यामागे कुणीच नव्हतं.

मी इंजिनाशी झटत होतो, तेव्हा ती पूजेसाठी मागच्या दाराने उतरली होती. तिच्या पोटात गोळी होती आणि अन्नाचा कण नव्हता. मोबाईल तेव्हा आमच्याकडे नव्हता. मी गाडी फिरवली. कित्येक वर्षांनी एक हात छातीवरच्या लिंगाकडे गेला, पण मागायला शब्द सापडेनात. नुसतं, "तिला सांभाळ. माझं काय करायचं ते कर," एवढंच पुन्हा पुन्हा येत राहिलं.

देवळाच्या पायरीवर ती खांबाला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे. शेजारी एक म्हातारी बाई पदराने तिला वारा घालत होती. मी दिसताच ती बाई कडाडली, "बायलेक उपाशी ठेवन खंय गेल्लास?"

मी तोंड उघडायच्या आधीच पत्नी क्षीण आवाजात म्हणाली, "मीच पुढं पाठवलं त्यांना. डिझेल भरायला."

आणि मी मान डोलावली. त्या दिवशीचं माझं सगळ्यात मोठं पाप ते.

म्हातारीने मग सांगितलं, पत्नी घामाने भिजून पायरीवर कलंडली होती. म्हातारीने आपल्याजवळचा गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. तो गूळ देवाच्या नैवेद्याचा होता. "देव काय उपाशी रवाचो नाय," म्हणाली. म्हातारीची रोजची वाट दुसरीकडून होती, पण ओढ्यावरचा साकव, म्हणजे लाकडी पूल, मोडला म्हणून ती इकडून आली. "ह्या वाटेन मी कधी येनय नाय. आज कित्याक इलंय, त्या महादेवाकच ठाऊक."

मी गाडीतून म्हातारीसाठी काही आणायला वळलो, तोवर ती वाटेला लागलीसुद्धा होती. खरं काय घडलं ते तिला सांगायचं राहून गेलं, ते राहिलंच.

दुपारी पत्नीला सावरल्यासारखं वाटल्यावर मी तिला सगळं सांगितलं. पडद्याकडे बघून बोललेलं ते वाक्यही. तिने ते ऐकलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. ती डोळे पुसून म्हणाली, "माझ्याही मनात आलंय ते, कैकदा. पण मी त्यालाच विचारते. तुम्ही मला विचारत बसलासा."

तिने ताट वाढलं, पण घास घेतला नाही. आधी वाटलं, अजून बरं वाटत नसेल. मग कळलं, ती माझ्यासाठी थांबली होती. मी हातपाय धुऊन आलो, लिंग तळहातावर ठेवलं आणि लाजेने मान वर होईना, तसाच बसून राहिलो. शरण जायला मन निर्मळ लागतं असं मी समजत होतो. त्या दिवशी जसा होतो, तसाच गेलो. ती कृपा होती की मोडका साकव, यावर मी वाद घालत नाही. मी परत वळलो तेव्हा माझं माणूस जिवंत होतं. त्या कृतज्ञतेला शब्द नाहीत.